बडाग्रीला जाताना : नायजेरिया-बेनिन सीमेवरील एका जुन्या बंदराचा प्रवास कसा आखावा

लागोस शहरातून पश्चिमेकडे, समुद्राला समांतर जाणारा महामार्ग बेनिन देशाच्या हद्दीवरील सेमे नाक्याला जाऊन भिडतो. या नाक्याच्या थोडे अलीकडे, वाळूच्या दांड्याने समुद्रापासून तोडलेल्या एका लांबट खाजणाच्या काठी बडाग्री वसले आहे. अटलांटिक गुलामव्यापाराचे बंदर म्हणून ते जगाला माहीत आहे. त्यामुळे बहुतेक पाहुणे सकाळी लागोसहून निघतात, साखळ्या आणि कोठड्या पाहतात, किनाऱ्यावरील स्मारकापाशी छायाचित्र काढतात आणि अंधार पडण्याच्या आत परततात. असा प्रवास करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बडाग्री हा आजही ओगू, आवोरी योरुबा आणि इतर अनेक समाजांचा राहता मुलूख आहे. इथला वारसा सरकारी वस्तुसंग्रहालयात थोडा आणि लोकांच्या घरांत, देवस्थानांत, होड्यांत जास्त आहे. गावात किमान दोन रात्री मुक्काम करावा आणि कागदपत्रे जमत असतील तर सीमेपलीकडच्या पोर्तो-नोवोसाठी आणखी दोन दिवस ठेवावेत.

निघण्यापूर्वीची तयारी

भारतातून जाणाऱ्याने सर्वांत आधी पीतज्वराच्या लसीकडे लक्ष द्यावे. नायजेरिया आणि बेनिन या दोन्ही देशांत प्रवेशासाठी या लसीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र लागते. भारतात परतताना त्याची गरज अधिकच असते, कारण प्रमाणपत्राविना या भागातून आलेल्या प्रवाशाला विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य धरले जाते. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. मुंबईसह मोजक्या शहरांतील सरकारमान्य केंद्रांतच ती दिली जाते आणि तिथे आधी वेळ घ्यावी लागते, म्हणून तिकीट काढण्याच्याही आधी हे काम उरकावे. हिवतापाचा धोका वर्षभर असल्याने प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि मच्छरदाणी सोबत ठेवावी.

दुसरी बाब व्हिसाची. पश्चिम आफ्रिकी देशांच्या आर्थिक समुदायातील नागरिक एकमेकांच्या देशांत व्हिसाविना ये-जा करतात, म्हणून सीमेवर स्थानिक लोक सहज पलीकडे जाताना दिसतील. ही सवलत भारतीय पारपत्राला लागू नाही. दोन्ही देशांचे स्वतंत्र व्हिसा आधीच काढावे लागतात. बेनिन पाहून परतीचे विमान लागोसहून पकडायचे असेल, तर नायजेरियाचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असल्याची खात्री करावी, नाहीतर पोर्तो-नोवोतच अडकून पडण्याची वेळ येते. नियम आणि शुल्क बदलत असल्याने दोन्ही सरकारांच्या अधिकृत संकेतस्थळांवरील माहितीच ग्राह्य मानावी. ही सीमा अचानक बंदही होऊ शकते. नायजेरियाने ऑगस्ट २०१९ मध्ये आपल्या जमिनीवरील सीमा बंद केल्या आणि सेमे नाका डिसेंबर २०२० मध्ये उघडला. म्हणून सीमा ओलांडणे हा प्रवासाचा कणा न ठेवता जोडभाग ठेवावा. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना निघण्याच्या आठवड्यात पुन्हा वाचाव्यात.

हवामानाच्या दृष्टीने नोव्हेंबर ते मार्च हा कोरडा काळ सोयीचा. एप्रिल ते जुलै मुख्य पावसाळा असतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस पुन्हा येतो. डिसेंबर-जानेवारीत सहारातून येणारा हरमॅटन वारा हवा धुळकट करतो, त्यामुळे दम्याचा त्रास असणाऱ्यांनी औषधे जवळ ठेवावीत.

लागोसहून पश्चिमेकडे

नकाशावर सत्तर किलोमीटरांच्या आसपास दिसणाऱ्या या अंतराला किती वेळ लागेल, हे त्या दिवशीच्या वाहतुकीवर ठरते. महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम वर्षानुवर्षे चालू आहे आणि शहराबाहेर पडेपर्यंतचा पट्टा सर्वांत त्रासदायक असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झालेल्या निळ्या मार्गिकेच्या रेल्वेने मरिना ते माइल टू हा टप्पा कोंडीत न अडकता पार करता येतो. मात्र पुढच्या प्रवासासाठी, विशेषतः सामान असेल तर, ओळखीतून मिळालेला चालक आणि गाडी हाच शहाणपणाचा पर्याय आहे. लागोसमध्ये नोकरी-व्यवसायानिमित्त राहणारी भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत, त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. कोणाची ओळख असेल तर विश्वासू चालकाची चौकशी त्यांच्याकडेच करावी. पहाटे निघावे आणि अंधारानंतर या रस्त्यावर राहू नये.

बडाग्रीच्या पुढे सेमेपर्यंत पोलीस, सीमाशुल्क आणि इमिग्रेशन यांच्या चौक्या ओळीने लागतात. तिथे मूळ पारपत्र आणि लसीचे प्रमाणपत्र लगेच काढून दाखवता येईल असे ठेवावे, काळा चष्मा उतरवून नमस्कार-चमत्कार करावा आणि घाई दाखवू नये. पैशांची सूचक मागणी झाल्यास हसून, शांतपणे, आपली कागदपत्रे पूर्ण असल्याचे सांगत राहावे. चौक्या, गणवेशातील माणसे आणि सीमेचे फाटक यांची छायाचित्रे अजिबात काढू नयेत.

गावातल्या गावात फिरण्यासाठी ‘केके’ मिळते. ती आपली तीनचाकी रिक्षाच असून त्यांतल्या पुष्कळ पुण्याच्या बजाज कंपनीच्या असतात. मराठी प्रवाशाला चालकाशी बोलणे सुरू करायला याहून सोपा विषय नाही.

गाव कोणत्या क्रमाने पाहावे

बडाग्री समजण्यासाठी आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पश्चिमेकडील दाहोमे राज्याने १७२४ मध्ये अलाडा आणि १७२७ मध्ये ऊइदा जिंकल्यानंतर तिथून परागंदा झालेले अनेक लोक या खाजणाच्या काठाने पूर्वेकडे सरकले. हेंड्रिक हेर्टोख हा डच व्यापारी याच धामधुमीत १७३० च्या दशकात इथे येऊन स्थिरावला. म्हणजे आज सीमेवरचे म्हणून ओळखले जाणारे हे गाव निर्वासित आणि व्यापारी यांच्या मिसळीतून वाढले. पुढे १७८४ मध्ये दाहोमेने त्याचाही विध्वंस केला. गावाचे आठ पारंपरिक विभाग आहेत. प्रत्येकाचा स्वतःचा सरदार असून त्या सर्वांवर आक्रान हा राजा असतो. गुलामव्यापाराच्या काळात निरनिराळ्या विभागांचे सरदार निरनिराळ्या युरोपीय व्यापाऱ्यांशी व्यवहार करीत.

सुरुवात वारसा संग्रहालयापासून करावी. ब्रिटिशांच्या जिल्हाधिकाऱ्याच्या जुन्या कचेरीत ते आहे. इमारत १८६३ ची, म्हणजे बडाग्री ब्रिटिशांच्या ताब्यात गेले त्याच वर्षाची आहे. इथली मांडणी साधी असली तरी गुलामांना पकडण्यापासून परदेशात नेण्यापर्यंतचा क्रम समजतो आणि नोंदणीकृत वाटाड्याही इथेच मिळतो. पुढील दोन-तीन दिवस तोच वाटाड्या ठेवावा. त्याचे मानधन, होडीचे भाडे आणि प्रत्येक स्थळाचे प्रवेशशुल्क यांचा हिशेब पहिल्याच बैठकीत स्पष्ट करून घ्यावा, कारण ही स्थळे वेगवेगळ्या मालकांची आहेत आणि प्रत्येक दारात स्वतंत्र पैसे द्यावे लागतात.

त्यानंतर सेरिकी विल्यम्स आबास यांचा वाडा पाहावा. गावाची सारी गुंतागुंत या एका वास्तूत आहे, म्हणून इथे वेळ काढावा. आबास लहानपणी स्वतः गुलाम म्हणून विकले गेले, ब्राझीलमध्ये नेले गेले, तिथे पोर्तुगीज शिकले आणि परत येऊन गुलामांचेच व्यापारी झाले. त्यांचे निधन १९१९ मध्ये झाले. गुलामांना जहाजाची वाट पाहत कोंडून ठेवण्याची ही जागा. चाळीस खोल्या आणि प्रत्येकीत चाळीस माणसे असा आकडा इथे सांगितला जातो. वाडा वंशजांच्या ताब्यात आहे आणि काही खोल्यांत आजही बिऱ्हाडे आहेत. एका छत्रीच्या बदल्यात किती माणसे दिली जात, हे सांगणारा माणूस त्याच घराण्यातला असतो, आणि दोरीवर कपडे वाळत असलेल्या अंगणातच हे सांगणे चालते. जवळच मोबी घराण्याचे खासगी संग्रहालय आहे. तिथे बेड्या, लहान मुलांसाठीच्या साखळ्या आणि ओठांना लावायचे कुलूप ठेवलेले आहे. काही ठिकाणी पाहुण्यांच्या हातात साखळी देऊन वजन जोखायला सांगतात. ते घ्यायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे, पण साखळी गळ्यात घालून छायाचित्र काढण्याचा प्रकार टाळावा.

या घरांत प्रश्न कसा विचारावा याला महत्त्व आहे. ‘तुमच्या पूर्वजांनी माणसे विकली, याचे तुम्हाला काय वाटते?’ असे विचारल्यास पाठ केलेले उत्तर मिळते. त्याऐवजी घरातल्या मुलांना ही हकीकत कोणत्या वयात आणि कोण सांगते, गावात विकल्या गेलेल्यांचे आणि विकणाऱ्यांचे वंशज शेजारी राहतात का, परदेशातून आलेल्या कृष्णवर्णीय पाहुण्यांशी बोलणे कसे होते, असे प्रश्न विचारावेत. ऐकलेल्या आकड्यांची मात्र छाननी करावी. व्लेकेटे गुलामबाजाराच्या स्थापनेचे वर्ष वाटाडे १५०२ असे ठामपणे सांगतात; बडाग्रीचा बंदर म्हणून उदय इतिहासकार अठराव्या शतकातला मानतात. घराण्याची आठवण आणि कागदोपत्री पुरावा या दोन्ही वहीत वेगवेगळ्या नोंदवाव्यात. जागेवर वाद घालण्यात अर्थ नाही. व्लेकेटे हे समुद्र आणि वाऱ्याशी जोडलेल्या देवतेचे नाव आहे, आणि बाजाराच्या परिसरातील तिचे स्थान आजही पूजेचे आहे. परवानगीविना आत पाऊल टाकू नये.

भारतीय पाहुण्याने इथे केवळ प्रेक्षकाच्या भूमिकेत राहू नये, असे मला वाटते. या किनाऱ्यावर माणसांची किंमत पुष्कळदा कवड्यांत मोजली जाई. त्या कवड्या मालदीवच्या समुद्रातून निघत, बंगाल आणि श्रीलंकेमार्गे ॲम्स्टरडॅम व लंडनला जात आणि तिथून गुलामांच्या जहाजांवर चढत. गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावरचे सुती कापडही याच व्यवहारात मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. हिंदी महासागराचा माल या साखळीत होता, ही माहिती सोबत घेऊन गेल्यास संग्रहालयातील कवड्यांची परडी वेगळ्या नजरेने पाहिली जाते. याउलट, जंजिऱ्याच्या सिद्दींचा संबंध बडाग्रीशी जोडण्याचा मोह आवरावा. त्यांचे पूर्वज आफ्रिकेच्या पूर्व भागातून आले. तो इतिहास निराळा आहे.

मिशनऱ्यांच्या खुणा अर्ध्या दिवसात पाहून होतात. थॉमस बर्च फ्रीमन आणि हेन्री टाउनसेंड यांनी १८४२ मध्ये ज्या आगिया वृक्षाखाली ख्रिस्ती धर्माचा उपदेश केला, तो वृक्ष १९५९ मध्ये पडला आणि आता तिथे स्मारकस्तंभ आहे. खाजणाकाठी नायजेरियातील पहिली दुमजली इमारत म्हणून दाखवले जाणारे १८४५ चे मिशनघर आहे. तिथे सॅम्युअल अजायी क्राउथर यांची आठवण सांगितली जाते. बालपणी गुलाम म्हणून पकडले गेलेले, ब्रिटिश नौदलाने जहाजावरून सोडवलेले आणि पुढे बिशप झालेले क्राउथर हे बायबलच्या योरुबा भाषांतराचे मुख्य शिल्पकार. रिचर्ड लँडर या ब्रिटिश प्रवाशाला १८२७ मध्ये याच गावात हेर ठरवून विषाची परीक्षा द्यायला लावली होती. तो वाचला आणि पुन्हा इथूनच नायजर नदीच्या शोधाला निघाला. वाटाडे ही गोष्ट फार रंगवून सांगतात.

ग्बेरेफूचा वाळूचा पट्टा

खाजण आणि समुद्र यांच्यामधल्या ग्बेरेफूवर होडीने जावे लागते. जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे. ते आपणहून दिले जाईलच असे नाही. पलीकडे उतरल्यावर वाळूतून समुद्रापर्यंत चालायचे असते, म्हणून ही फेरी सकाळी लवकर करावी, पाणी आणि टोपी बरोबर ठेवावी. वाटेत एक विहीर लागते. तिचे पाणी पाजल्यावर गुलामांना घर विसरायला होई, असे सांगतात. शेवटी समुद्रासमोर ‘न परतीच्या स्थळा’चे स्मारक उभे आहे. अमेरिका, ब्राझील आणि कॅरिबियन बेटांतून आलेले अनेक पाहुणे हा रस्ता आपल्या पूर्वजांच्या नावाने चालतात. काही जण रडतात, काही प्रार्थना करतात. असा गट पुढे असेल तर अंतर ठेवून थांबावे, त्यांच्याकडे कॅमेरा वळवू नये आणि त्यांचे होईपर्यंत स्मारकाजवळ जाऊ नये. समुद्रात उतरण्याचा विचारही करू नये, कारण इथल्या लाटा आणि ओढ धोकादायक आहे.

आजची बडाग्री

दुसरा पूर्ण दिवस वर्तमानासाठी ठेवावा. मासळीबाजार, नारळाच्या बागा, होड्यांची दुरुस्ती, शुक्रवारची नमाज आणि रविवारची चर्चमधील गाणी हे सारे पायी फिरून पाहता येते. इथल्या मूळ समाजाला योरुबा शेजारी ‘एगुन’ म्हणतात, पण ते स्वतःला ओगू म्हणवतात; तेच नाव वापरावे. त्यांची गुन भाषा योरुबाहून वेगळी असून बेनिनमधील फोन भाषेच्या जवळची आहे. लागोस राज्यात योरुबा आणि इंग्रजीच्या रेट्यात ती मागे पडते, याची खंत सुशिक्षित ओगू तरुण बोलून दाखवतात. सर्वांना सरसकट योरुबा समजणे त्यामुळेच खटकते. लागोसच्या पुलावरून पाण्यातील खांबांवर उभी असलेली जी माकोको वस्ती दिसते, तिथेही मोठ्या संख्येने ओगू मच्छीमार राहतात.

झांगबेतो हा ओगूंचा रात्रीचा रखवालदार. माडाच्या जातीच्या झाडाच्या तंतूंचा रंगीत ढीग गरगरत येतो, थांबतो, आणि सोबतचे लोक तो उलटा करून आत कोणी नसल्याचे दाखवतात. आत माणूस आहे का, हा प्रश्न विचारूच नये. तो बालिश समजला जातो आणि उद्धटही. हात लावू नये, वाटेत उभे राहू नये आणि छायाचित्राआधी वाटाड्यामार्फत परवानगी घेऊन ठरलेली दक्षिणा द्यावी. केवळ पाहुण्यांसाठी लावलेला खेळ आणि गावाचा खरा उत्सव यांत फरक असतो, आणि उत्सवाची तारीख जुळत असेल तर मुक्काम एक दिवस वाढवणे सार्थकी लागते. ओरो पंथाचे विधी जिथे चालतात त्या योरुबा गावांत त्या काळात स्त्रियांनी घराबाहेर पडण्यास मनाई असते. म्हणून मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी यजमानांना तसे काही आहे का, हे विचारून घ्यावे आणि तो नियम पाळावा.

आक्रानच्या वाड्यावर किंवा एखाद्या सरदाराकडे जायचे असल्यास वाटाड्याला आधी निरोप पाठवायला सांगावा आणि भेट म्हणून काय न्यावे तेही त्यालाच विचारावे. पाहुण्याने किंचित वाकून अभिवादन केले तरी पुरते. देणे-घेणे उजव्या हाताने करावे, हे मराठी माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही.

जेवणात मासे, नारळ आणि कसावा यांचा भर असतो. शाकाहारी व्यक्तीने ‘मांस नको’ एवढेच सांगून भागत नाही, कारण रश्शांत वाळलेल्या सुकट-कोळंबीची पूड सर्रास घालतात. तळलेली पिकली केळी आणि चवळीच्या पिठाचे आकारा हे त्यातल्या त्यात सुरक्षित. ‘एवा आगोयिन’ ही मऊ शिजवलेल्या चवळीवर काळपट मिरचीचे तेल घालून केलेली न्याहारी उत्तम लागते, पण त्या तेलातही सुकट नाही ना हे विचारावे.

सीमेपलीकडे

ब्रिटन आणि फ्रान्स यांनी १८८९ मध्ये आखलेल्या रेषेने एकच समाज दोन वसाहतींत विभागला गेला. त्यामुळे पोर्तो-नोवोत पोहोचल्यावर भाषा तीच ऐकू येते, फक्त पाट्या फ्रेंच होतात. सेमे-क्राके नाक्यावर नायजेरियाचा निर्गमनाचा आणि बेनिनचा प्रवेशाचा असे दोन्ही शिक्के पारपत्रावर उमटल्याची स्वतः खात्री करावी. ‘मी करून आणतो’ म्हणणाऱ्याच्या हाती पारपत्र देऊ नये. नायजेरियाचा नायरा आणि बेनिनचा सेफा फ्रँक या चलनांची अदलाबदल थोडीच आणि मोजून करावी. पोर्तो-नोवोत जुना राजवाडा आणि ब्राझीलहून परतलेल्या कुटुंबांची रंगीत घरे पाहावीत. याच परंपरेतील कारागिरांनी बांधलेली, ब्राझीलच्या बाहिया प्रांतातील चर्चसारखी दिसणारी जुनी मशीद चुकवू नये. आफ्रिका, ब्राझील आणि इस्लाम इतक्या सहजतेने एकत्र आलेले क्वचितच दिसतात. जवळचे अजारा ढोल घडवणाऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. वेळ असेल तर ऊइदापर्यंत जावे. तिथे १० जानेवारीच्या सुमारास वोदून या स्थानिक पारंपरिक धर्माच्या उत्सवाला मोठी गर्दी होते, त्यामुळे खोली फार आधी राखून ठेवावी.

दोन्ही बाजूंना जुने मुखवटे, मूर्ती आणि ‘अस्सल’ बेड्या विकायला काढणारे भेटतात. त्या घेऊ नयेत. नायजेरियातून पुरातन वस्तू नेण्यास राष्ट्रीय संग्रहालय व स्मारक आयोगाची परवानगी लागते, आणि नव्या वस्तूसाठीही विक्रेत्याची पावती नसल्यास विमानतळावर प्रश्नोत्तरे होतात. अजाराचा नवा ढोल किंवा हातमागाचे कापड कारागिराकडून थेट घ्यावे आणि पावती लसीच्या प्रमाणपत्रासोबत हातातल्या पिशवीत ठेवावी, कारण भारतात उतरल्यावर ते प्रमाणपत्र पुन्हा दाखवावे लागते.